१ च्या जवळचा लॉग चुकतोय? लॉगच्या आधीची बेरीज तपासा

वडोदऱ्यात आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरची दुरुस्ती हे माझं रोजचं काम. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बनणारी मोजमापाची यंत्रं, क्रेडिट सोसायट्यांचे व्याजाचे हिशेब, विद्यापीठातल्या मुलांचे प्रोजेक्ट असं बरंच काही टेबलावर येतं. या सगळ्यांत एक बिघाड सारखा सापडतो: १ च्या अगदी लगतच्या संख्येचा लॉग घेतला की उत्तर घसरतं. तक्रार करणारा म्हणतो, "लॉगचं फंक्शन बिघडलंय." फंक्शन बहुतेक वेळा धडधाकट असतं. त्याच्यापर्यंत पोचणारी संख्याच वाटेत अंक गमावून आलेली असते, आणि गेलेले अंक लॉगला परत आणता येत नाहीत. म्हणून दुरुस्ती लॉगच्या आधी करावी लागते. कुठे आणि कशी, ते सोप्या तपासणीपासून अवघड तपासणीपर्यंत क्रमाने लिहितो.

खुणा आधी सांगतो. क्ष म्हणजे शून्याच्या जवळची छोटी संख्या, आपल्याला हवाय १ + क्ष चा लॉग. नुसतं "लॉग" म्हटलं की नैसर्गिक लॉग समजा. १०^−१६ म्हणजे १० चा उणे सोळावा घात.

लक्षणं

पहिलं आणि सगळ्यात ठळक: क्ष शून्य नाही, तरी उत्तर तंतोतंत शून्य येतं. आणि ते शून्य पुढे कुठे भागाकारात खाली बसलं, की प्रोग्राम अनंत दाखवतो किंवा बंद पडतो. "रक्कम दुप्पट व्हायला किती हप्ते" यासारख्या हिशेबात लॉग छेदात असतो, तिथे हे हमखास होतं.

दुसरं: आलेख पायऱ्यापायऱ्यांचा दिसतो. क्ष हळूहळू वाढवत नेला तर रेषा सरळ चढायला हवी. ती थोडा वेळ सपाट राहते, मग उडी मारते, पुन्हा सपाट.

तिसरं लवकर लक्षात येत नाही. एकेक उत्तर ठीक वाटतं, पण लाखो छोटे लॉग एकत्र बेरजेला घेतले की एकूण आकडा एका बाजूला सरकतो. क्ष दरवेळी सारखाच असेल तर चूकही दरवेळी त्याच दिशेने होते, एकमेकींना खोडत नाही.

चौथं: जुन्या ३२-बिट मशीनवर बरोबर चालणारा कोड नव्या मशीनवर चुकायला लागतो. जुन्या इंटेल प्रोसेसरचा गणिती भाग मधली उत्तरं ८० बिटांत धरून ठेवायचा, त्यामुळे बिघाड झाकला जायचा. ६४-बिट बिल्डमध्ये ती मधली सोय सहसा वापरली जात नाही. बिघाड आधीपासूनच होता, आता दिसू लागला इतकंच.

असं का होतं

शाळेतलं चार अंकी लॉग टेबल आठवा. त्यात १.०००३ चा लॉग शोधायचा म्हटलं तर आधी ती संख्या चार अंकांत बसवावी लागते, म्हणजे १.०००. त्याचा लॉग शून्य. टेबल चुकलेलं नाही; ३ हा अंक टेबल उघडायच्या आधीच गेला.

संगणकाच्या डबल प्रकारात, म्हणजे ६४ बिटांत ठेवलेल्या अपूर्णांकी संख्येत, हेच अंकांच्या ५३ बिटांवर होतं. १ च्या पुढची लगेचची संख्या सुमारे २.२२×१०^−१६ अंतरावर असते, आणि १ च्या अलीकडची त्याच्या निम्म्या अंतरावर, १.११×१०^−१६. मध्ये काहीच नाही. क्ष एकटा असताना त्याच्याकडे जवळपास १६ अंकांची अचूकता असते, अगदी छोटा असला तरी. त्यात १ मिळवला की त्याला या ठरलेल्या खुंट्यांपैकी एकीवर बसावं लागतं. ढोबळ हिशेब असा: क्ष १०^−१० एवढा असेल तर त्याचे सहाच अंक भरवशाचे उरतात, १०^−१५ असेल तर जेमतेम एक. मग लॉग त्या बिघडलेल्या संख्येचं अगदी बरोबर उत्तर देतो.

हा त्रास संगणकाच्या फार आधीचा आहे. इंग्रज गणिती हेन्री ब्रिग्ज यांनी १६२४ साली छापलेल्या लॉग सारण्यांसाठी १० चं वर्गमूळ, त्याचं वर्गमूळ, असं ५४ वेळा काढलं. शेवटी हाती आलेली संख्या होती १.०००००००००००००००१२७८१९..., म्हणजे १ नंतर पंधरा शून्यं आणि मग कामाचे अंक. म्हणून त्यांनी ३० हून अधिक दशांश स्थळं धरून हाताने काम केलं. हीच संख्या आजच्या डबलमध्ये ठेवा: ती १ + २.२२×१०^−१६ वर जाऊन बसते, आणि तिचा लॉग खऱ्यापेक्षा ७४ टक्के जास्त येतो. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कुठे सांभाळायचं ते नेमकं माहीत होतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

तपासणी १: माहीत असलेली उत्तरं घालून बघा

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. कोडमधलं लॉगचं गणित वेगळं काढा आणि त्यात तीन किमती घाला. उत्तर छापताना १७ अंक छापा. सहा अंक छापले तर १०^−१० ची चूक डोळ्यांना दिसतच नाही, आणि "आमच्याकडे तर बरोबर येतंय" असं म्हणून लोक पुढे जातात.

क्ष = १०^−१० असताना खरं उत्तर ०.९९९९९९९९९९५×१०^−१०. बिघडलेला कोड १.००००००८२६९×१०^−१० देतो.

क्ष = १०^−१५ असताना खरं उत्तर जवळजवळ १०^−१५ च. बिघडलेला कोड १.११०२×१०^−१५ देतो, म्हणजे ११ टक्के जास्त.

क्ष = १०^−१६ असताना खरं उत्तर १०^−१६. बिघडलेला कोड शून्य देतो.

हे तीन आकडे जसेच्या तसे दिसले तर निदान पक्कं झालं. वेगळंच काही दिसत असेल, उदाहरणार्थ क्ष = ०.५ लाही उत्तर चुकत असेल, तर तुमचा बिघाड हा नाही. सूत्रात किंवा लॉगच्या पायात घोळ आहे. १० च्या पायाचा लॉग आणि नैसर्गिक लॉग यांची अदलाबदल आधी तपासा.

तपासणी २: संख्या फ्लोट आहे की डबल

३२-बिट फ्लोटमध्ये १ च्या पुढची संख्या १.१९×१०^−७ अंतरावर असते. म्हणजे वर जे दुखणं १०^−१५ ला दिसलं, ते इथे १०^−७ लाच सुरू होतं, आणि १०^−७ ही रोजच्या व्यवहारातली संख्या आहे.

व्याजाचं उदाहरण घ्या. एक लाख रुपये, वर्षाला ८ टक्के, रोजची चक्रवाढ. रोजचा दर ०.०८ भागिले ३६५, म्हणजे ०.०००२१९१७८. वर्षाचं खरं व्याज ८,३२७ रुपये ७६ पैसे. आता फक्त "१ + रोजचा दर" एवढी एकच बेरीज फ्लोटमध्ये करा आणि बाकी सगळं अचूक ठेवा. व्याज ८,३२९ रुपये ६५ पैसे येतं. एका बेरजेने एका खात्यावर एक रुपया एकोणनव्वद पैसे जास्त. अशी हजार खाती असली की ताळेबंद का जुळत नाही ते शोधत अकाउंटंट बिचारा रात्र काढतो, आणि चूक त्याच्या वहीत कुठेच सापडत नाही.

डबलमध्ये हेच केलं तर फरक पैशाच्याही फार खाली राहतो. त्यामुळे व्याजाच्या बहुतेक कामांत फ्लोटचं डबल करणं एवढीच दुरुस्ती पुरते, पुढचं काही करायची गरज नसते. फ्लोट लपून कुठे बसतो ते मात्र बघावं लागतं: डेटाबेसच्या कॉलमचा प्रकार, स्थिर संख्येच्या मागे लागलेलं एफ अक्षर, जुन्या लायब्ररीतून परत येणारी किंमत. छोट्या कंट्रोलरवर आणखी एक खाच आहे. अर्डुइनो उनो या बोर्डाच्या आर३ पर्यंतच्या आवृत्त्यांवर कोडमध्ये डबल लिहिलं तरी तो प्रकार ४ बाइटांचाच असतो, म्हणजे फ्लोटच. नाव बघून थांबू नका, आकार छापून बघा.

तपासणी ३: लॉग१पी वापरा, आणि त्याला क्ष द्या

जवळजवळ प्रत्येक भाषेत या कामासाठी वेगळं फंक्शन आहे. त्याच्या नावात लॉग, मग १ हा आकडा आणि मग पी, म्हणून मी इथे लॉग१पी लिहितो. ते क्ष घेतं आणि १ + क्ष चा लॉग देतं, पण आत १ + क्ष ही बेरीज सरळ करत नाही. बीएसडी युनिक्समध्ये ते १९८० च्या दशकात आलं, सी भाषेच्या १९९९ च्या मानकात गेलं, आणि आज जावा, पायथन, नमपाय, आर, गो, ज्युलिया या सगळ्यांत आहे. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ पासून आहे. रस्टमध्ये नाव थोडं वेगळं आहे, काम तेच.

एचपी कंपनीच्या १९७९ च्या एचपी-४१सी कॅल्क्युलेटरवरही हे फंक्शन होतं, आणि इंटेलच्या १९८० च्या ८०८७ चिपमध्ये याच कामाची वेगळी सूचना होती. ज्यांनी ही यंत्रं बनवली त्यांना हा खड्डा कुठे आहे ते ठाऊक होतं. खड्डा आजही तिथेच आहे, फक्त त्यावरून चालणारे आपण नवे आहोत.

आता सगळ्यात जास्त दिसणारी अर्धवट दुरुस्ती. एक तरुण इंजिनिअर लॅपटॉप घेऊन येतो आणि म्हणतो, "काका, लॉग१पी लावलंय की! तरी तेच येतंय." मी म्हणतो, "अरे, लावलंयस खरं, पण त्याला देतोयस काय ते बघ." कोडमध्ये वरच्या ओळीत य = १ + क्ष केलेलं असतं, आणि खाली लॉग१पी ला य − १ दिलेलं असतं. य − १ ही वजाबाकी अगदी बिनचूक होते, पण य तयार होतानाच क्ष चे अंक गेलेले आहेत. लॉग१पी ला जे मिळालं त्याचा लॉग त्याने इमानाने दिला. दुरुस्ती अशी की य नावाची पायरीच काढून टाका आणि मूळ क्ष थेट द्या. कोडमध्ये "− १" शोधा. लॉग१पी च्या कंसात वजा एक दिसला की बहुधा तिथेच गोम असते.

१० च्या पायाचा लॉग हवा असेल तर लॉग१पी च्या उत्तराला ०.४३४२९४४८१९०३२५१८ ने गुणा. गुणाकाराने अंक जात नाहीत, त्यामुळे हे सुरक्षित आहे.

आणि एक: लायब्ररी अनोळखी असेल तर फंक्शनच्या नावावर विश्वास ठेवू नका. त्यात १०^−२० घाला. उत्तर १०^−२० आलं तर खरं. शून्य आलं तर आत कोणीतरी १ मिळवून साधा लॉगच घेतलाय.

तपासणी ४: क्ष कुठून येतो ते उलट्या दिशेने शोधा

इथे वेळ लागतो, आणि खरा फायदाही इथेच होतो. बऱ्याच कामांत क्ष वेगळा हातात नसतोच. दोन जवळच्या संख्यांचा भागाकार असतो.

प्रकाश शोषून घेण्याचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राचं घ्या. कोऱ्या द्रावणातून आलेला प्रकाश आणि नमुन्यातून आलेला प्रकाश यांचं गुणोत्तर काढायचं, त्याचा १० च्या पायाचा लॉग घ्यायचा आणि चिन्ह उलटं करायचं. नमुना फार पातळ असेल तर गुणोत्तर १ च्या अगदी खाली येतं. समजा २४-बिट मापक आहे, कोऱ्याचं वाचन १,२०,००,००० आणि नमुन्याचं १,१९,९९,९९९. दोन्ही संख्या फ्लोटमध्ये तंतोतंत मावतात, कारण फ्लोट १,६७,७७,२१६ पर्यंतचे पूर्णांक न चुकता धरतो. मोजणीत अजून काही बिघडलेलं नाही. पण भागाकार केला की उत्तराला १ च्या खालच्या खुंट्यांवर बसावं लागतं, आणि तिथे अंतर ५.९६×१०^−८ आहे. एका काउंटचा फरक २८ टक्के कमी दिसतो. दोन काउंटचा फरक ७ टक्के जास्त दिसतो. यंत्र कधी कमी, कधी जास्त दाखवतं, आणि कारखान्यात लोक दिवा बदलतात, काच पुसतात, वायरी हलवून बघतात.

उपाय एका ओळीचा आहे: भागाकाराच्या आधी वजाबाकी करा. नमुना वजा कोरा, भागिले कोरा. हा तुमचा क्ष. तो लॉग१पी ला द्या. वजाबाकी आधी केली तर अंक जातील अशी भीती इथे बाळगायचं कारण नाही. दोन धन संख्या एकमेकींच्या दुपटीच्या आत असतील तर त्यांची वजाबाकी फ्लोटिंग पॉइंटमध्ये तंतोतंत होते, त्यात कसलंही गोलीकरण होत नाही. याला स्टर्बेंझचं प्रमेय म्हणतात, आणि या सगळ्या विषयातलं मला सगळ्यात जास्त कामी आलेलं वाक्य हेच. लोकांच्या डोक्यात "जवळच्या संख्यांची वजाबाकी वाईट" असं पक्कं बसलेलं असतं. वजाबाकी वाईट नसते. आधी गोल केलेल्या संख्यांची वजाबाकी केली की आधीची चूक उघडी पडते. कच्च्या, न बिघडलेल्या संख्यांवर केली तर तिच्याएवढी स्वच्छ क्रिया नाही.

शेअर बाजाराच्या भावांचे लॉग परतावे काढताना हेच करा: आजचा भाव वजा कालचा, भागिले कालचा, मग लॉग१पी.

आणखी काही ठिकाणं, जिथे क्ष दडलेला सापडतो:

(१ + अ) गुणिले (१ + ब) चा लॉग हवा असेल तर क्ष म्हणजे अ + ब + अ×ब. किंवा दोन लॉग१पी ची बेरीज करा, अ आणि ब ची चिन्हं सारखी असतील तर ती चांगली चालते.

छोट्या कोनाच्या कोसाइनचा लॉग. कोसाइन १ ला चिकटलेला असतो. त्याऐवजी साइनचा वर्ग घ्या, त्याला उणे चिन्ह लावा, लॉग१पी ला द्या आणि उत्तर निम्मं करा. छोट्या कोनाचा साइन सगळे अंक सांभाळतो.

१ + क्ष चं वर्गमूळ वजा १ हवं असेल तर क्ष ला (वर्गमूळ + १) ने भागा. तेच उत्तर, एकही अंक न गमावता.

तपासणी ५: परतीचा रस्ता

लॉग सुधारला आणि तरी शेवटचं उत्तर बिघडलेलं, असं झालं तर घात परत घेतानाची ओळ बघा. ई चा घात काढून त्यातून १ वजा केला की तोच अपघात उलट्या दिशेने होतो. त्यासाठी एक्सप-एम१ हे जोडीचं फंक्शन आहे. वार्षिक ६ टक्क्यांशी जुळणारा रोजचा दर हवा असेल तर ०.०६ लॉग१पी ला द्या, ३६५ ने भागा, एक्सप-एम१ ला द्या, ०.०००१५९६५ येईल.

संभाव्यतेच्या कामात १ वजा (ई चा उणे अ घात) याचा लॉग लागतो. अ छोटा असेल तर एक्सप-एम१ ला उणे अ द्या, आलेल्या उत्तराचं चिन्ह बदला आणि साधा लॉग घ्या. अ मोठा असेल तर ई चा उणे अ घात काढा, त्याला उणे चिन्ह लावा आणि लॉग१पी ला द्या. दोघांमधली सीमा ०.६९३, म्हणजे २ चा लॉग. एकच सूत्र सगळीकडे चालवलं तर एका टोकाला तरी ते बिघडतंच.

तपासणी ६: लॉग१पी उपलब्धच नसेल तर

जुने कंट्रोलर, काही डेटाबेस, आणि एक्सेल. एक्सेलमध्ये एलएन, म्हणजे नैसर्गिक लॉग, आहे, लॉग१पी नाही.

कोड लिहिता येत असेल तर संगणकी आकडेमोडीचे जाणकार गणिती विल्यम कहान यांची युक्ती वापरा. य = १ + क्ष करा. य जर १ च असेल तर उत्तर क्ष. नाहीतर उत्तर म्हणजे क्ष गुणिले य चा लॉग, भागिले (य − १). बिघडलेला य इथे दोनदा वापरलाय, वर आणि खाली, आणि त्यातच खुबी आहे. १ च्या जवळ लॉग भागिले (य − १) हे गुणोत्तर फार सावकाश बदलतं, त्यामुळे य थोडा चुकला तरी गुणोत्तर जवळपास बरोबर येतं. मग त्याला न बिघडलेल्या खऱ्या क्ष ने गुणायचं. वरचं १०^−१५ घालून बघा: लॉग १.११०२×१०^−१५, य − १ सुद्धा १.११०२×१०^−१५, भागाकार १, गुणिले क्ष, उत्तर १०^−१५. अट एवढीच, लायब्ररीचा साधा लॉग चांगल्या प्रतीचा हवा.

ही युक्ती कंपाइलर मोडू शकतो. जीसीसी या कंपाइलरमध्ये फास्ट-मॅथ हा पर्याय चालू असेल तर कंपाइलरला वाटतं, (१ + क्ष) − १ म्हणजे क्ष च, कशाला उगाच वेळ घालवा. तो तसं बदलतो, वरचा आणि खालचा क्ष एकमेकांना कापतात, आणि तुम्ही पुन्हा साध्या लॉगवर येऊन पडता. बिल्डची सेटिंग उघडून हा पर्याय त्या फाइलपुरता तरी बंद करा. ८० बिटांत काम करणाऱ्या जुन्या मशीनवर य ला आधी मेमरीत डबल म्हणून लिहायला लावा, नाहीतर वरचा य वेगळा आणि खालचा वेगळा असं होतं.

एक्सेलमध्ये मी कहानची युक्ती टाळतो. सूत्राच्या शेवटी आलेल्या वजाबाकीचं उत्तर शून्याच्या फार जवळ असेल तर एक्सेल ते स्वतःहून शून्य करून टाकतं, आणि मग काय चाललंय ते समजेनासं होतं. तिथे सरळ श्रेणी लिहा. क्ष चं मूल्य, चिन्ह सोडून, ०.०००१ पेक्षा कमी असेल तर

क्ष × (१ − क्ष × (१/२ − क्ष × (१/३ − क्ष/४)))

आणि त्याहून मोठं असेल तर नेहमीचं एलएन(१ + क्ष). सीमेच्या आत श्रेणीचे चार पद डबलच्या पूर्ण अचूकतेला पुरतात. सीमेच्या बाहेर एलएन बारा अंकांच्या आसपास बरोबर राहतं. हिशेबाच्या शीटला याहून जास्त लागत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

फाइलमध्ये १.००००१२ अशीच छापलेली संख्या येत असेल आणि मूळ वाचनं कुठेच नसतील, तर थांबा. क्ष चे दोनच अंक तुमच्यापर्यंत पोचलेत. लॉग१पी, कहान, कितीही बिटांची लायब्ररी, कशानेही तिसरा अंक येणार नाही. डेटा पाठवणाऱ्याला सांगा की गुणोत्तर पाठवू नका, फरक पाठवा किंवा मूळ वाचनं पाठवा. हा फोन करायला लोक कचरतात आणि आठवडेच्या आठवडे कोडमध्ये डोकं घालून बसतात.

सोसायटीच्या चालू सॉफ्टवेअरमध्ये व्याजाची चूक सापडली तर सूत्र स्वतः बदलू नका आणि जुन्या नोंदींना तर हातही लावू नका. उदाहरणाचा आकडा कागदावर मांडा आणि सॉफ्टवेअर देणाऱ्याला व ऑडिटरला एकत्र बसवा. कोणत्या तारखेपासून नवा हिशेब लागू करायचा हा प्रश्न गणिताचा नाही.

औषध कंपनीच्या किंवा दवाखान्याच्या प्रयोगशाळेतलं यंत्र असेल तर फर्मवेअर फक्त बनवणाऱ्यानेच बदलायचं. बदलानंतर कॅलिब्रेशन आणि प्रमाणीकरण पुन्हा करावं लागतं. तुमची एक ओळ बरोबर असली तरी त्या यंत्राचे निकाल तोपर्यंत ग्राह्य धरले जाणार नाहीत.

संमिश्र संख्येचं मूल्य १ च्या जवळ असताना तिच्या लॉगचा वास्तव भाग हवा असेल, तर संख्येचा वास्तव भाग ट आणि काल्पनिक भाग ठ धरून (ट − १)×(ट + १) + ठ² हे लॉग१पी ला देऊन उत्तर निम्मं करता येतं. वास्तव अक्षाजवळ हे छान चालतं. पण एकक वर्तुळावर इतरत्र त्या बेरजेतच दोन मोठ्या संख्या एकमेकींना खातात, आणि तिथे दुहेरी अचूकतेच्या जोडसंख्या किंवा एफएमए (गुणाकार आणि बेरीज एकाच गोलीकरणात करणारी सूचना) वापरून काम करावं लागतं. ते पोस्ट वाचून करण्याचं काम नाही. शेवटच्या बिटापर्यंत हमी हवी असेल, किंवा चुकीची वरची मर्यादा सिद्ध करून द्यायची असेल, तर तेही नाही. आपल्या गावात यासाठी दार आहे: महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान शाखेत, म्हणजे जुन्या कलाभवनात, उपयोजित गणित शिकवलं जातं. संख्यात्मक विश्लेषण शिकवणाऱ्या कुणाला गाठा.

जाताना पाच गोष्टी लिहून न्या: क्ष सगळ्यात छोटा किती आणि सगळ्यात मोठा किती, तो कोणत्या मूळ आकड्यांपासून आणि कोणत्या क्रमाने तयार होतो, प्रकार फ्लोट की डबल (आकार छापून बघितलेला), कंपाइलरची पूर्ण सेटिंग, आणि उत्तराचे किती अंक खरोखर हवेत. शेवटचा आकडा बहुतेक जण नेत नाहीत, आणि समोरचा माणूस सगळ्यात आधी तोच विचारतो.